पत्ता विचारावा तो कोणाला?



आमच्या बडोद्यात, दांडिया बाजाराच्या किंवा रावपुऱ्याच्या अंगाला, एखाद्या जुन्या मराठी वाड्याचा शोध घेत कोणी नवखा पाहुणा उतरला, म्हणजे त्याने पत्ता कोणाला विचारला ह्यावर त्याचा पुढचा अर्धा तास अवलंबून असतो. कोपऱ्यावरचा पानवाला सारी वस्ती ओळखतो. पण गिऱ्हाइकांची गर्दी असली की तो मान वर करीत नाही आणि पाहुणा ताटकळत राहतो. एखादा उत्साही गृहस्थ प्रश्न पुरता ऐकून घेण्यापूर्वीच हात लांब करून "असे सरळ जा" म्हणतो, आणि ते सरळ जाणे भलत्याच गल्लीत निघते. इस्त्रीवाला घरोघर कपडे पोहोचवीत असल्यामुळे बिनचूक सांगतो. त्याचे दुकान दुपारी बंद असते, एवढाच काय तो दोष.

संगणकांनाही हा पत्त्याचा प्रश्न पडतो, आणि तो दिवसातून हजारो वेळा पडतो. तो त्यांनी कोणाला विचारावा, हा आजच्या सदराचा विषय. घरगुती मासिकात हे यांत्रिक प्रकरण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्राबाहेरील आपली कितीतरी मंडळे, वाचनालये, वधूवर सूचक केंद्रे, आणि घरच्या घरी लोणची-पापडांचा व्यवसाय करणाऱ्या भगिनीसुद्धा आता स्वतःचे संकेतस्थळ व स्वतःच्या नावाचा ई-मेल ठेवू लागल्या आहेत. त्यासाठी महिन्याच्या भाड्याने जे यंत्र घेतले जाते त्याला व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, थोडक्यात व्हीपीएस, म्हणतात. एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक भाग पाडावयाचे आणि एकेक भाग भाड्याने द्यावयाचा, असा हा प्रकार. वाड्यातील बिऱ्हाडासारखाच. खोली आपली, चूल आपली, कुलूपकिल्ली आपली. पाण्याची व्यवस्था मात्र घरमालकाची. ते पाणी कोठून येते हे भाडेकरू सहसा विचारीत नाही. मीही विचारले नव्हते, आणि त्याची किंमत एका शाळकरी मुलीने मोजली. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी थोडी पूर्वपीठिका.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो आणि माणसांना नावे लक्षात राहतात. दूरध्वनीचे तसेच होते. ज्यांना ते दिवस आठवत असतील त्यांना १९७ हा क्रमांकही आठवेल. तो फिरवून नाव सांगावे, आणि पलीकडच्या बाईंनी वहीत पाहून क्रमांक सांगावा. मी दूरध्वनी खात्यात बत्तीस वर्षे काढली असल्यामुळे मला ह्या विषयाचे मर्म तेथूनच उमगले. इंटरनेटच्या आरंभकाळी तर सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत मावत असत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर ह्या बाई आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळीत, आणि ज्याला हवी त्याने तिची प्रत उतरवून न्यावी. यंत्रे वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस ह्यांनी आजच्या डीएनएस पद्धतीचा आराखडा मांडला, आणि १९८७ मध्ये त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले. आजही सारा कारभार मूलतः त्याच नियमांवर चालतो.

ह्या पद्धतीतली खुबी अशी की संपूर्ण यादी कोणापाशीच नाही. सर्वांत वर मूळ, म्हणजे रूट, सर्व्हर आहेत. त्यांची नावे तेरा. प्रत्यक्ष यंत्रे जगभर शेकड्यांनी पसरलेली, त्यांपैकी काही आपल्याकडे मुंबई, दिल्ली व चेन्नई येथेही आहेत. रूट सर्व्हरला एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता विचारला तर तो म्हणतो, "मला ठाऊक नाही, पण डॉट इन वाल्यांना विचारा." डॉट इनचा सर्व्हर म्हणतो, "त्या नावाची नोंद अमक्याच्या ताब्यात आहे, त्याला विचारा." तो अमका शेवटी क्रमांक सांगतो. ही पायपीट आपल्या वतीने जो करतो त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. मिळालेले उत्तर तो ठरावीक काळ स्वतःजवळ टिपून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारल्यास हेलपाटा नको. जाता जाता सांगावयास हरकत नाही की २०१४ पासून डॉट भारत ह्या देवनागरी शेपटाची नावेही मिळू लागली आणि त्यांत मराठीचा अंतर्भाव आहे. रिझॉल्व्हरकडे मात्र ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक वेषातच जाते. त्याला लिपीचे कौतुक नाही.

आता आमची हकीकत.

आमचे एक लहानसे मंडळ आहे. गतवर्षी त्याने मुंबईतील एक व्हीपीएस भाड्याने घेऊन तेथे संकेतस्थळ, पुस्तकांची सूची आणि मंडळाचे ई-मेल अशी तिन्ही कामे थाटली. व्यवस्था माझ्याकडे आणि माझ्या पुतण्याकडे. सहा-सात महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी सूचीचे पान उघडण्यास विलंब होऊ लागला, पत्रे जाण्यास वेळ लागू लागला. यंत्रावर ताण म्हणावा तर नाही. स्मरणशक्ती रिकामी, तबकडी निवांत. पुतण्याने घड्याळ लावून पाहिले आणि म्हणाला, "काका, दर वेळी बरोबर पाच सेकंदच कसे लागतात हो? यंत्र थकले असते तर कधी तीन, कधी आठ लागले असते."

त्याचा तर्क अचूक होता. खरा बिघाड असा मोजूनमापून उशीर करीत नाही. पाच सेकंद हा कोणीतरी ठरविलेला आकडा असतो. लिनक्स यंत्रांत इटीसी ह्या कप्प्यात रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची एक छोटी फाइल असते. पत्ता कोणाला विचारावयाचा त्यांचे क्रमांक तीत ओळीने लिहिलेले असतात. सर्वसाधारण लिनक्सवर जास्तीत जास्त तीन ओळी मानल्या जातात. यंत्र पहिल्याला विचारते, पाच सेकंद वाट पाहते, आणि उत्तर न आल्यास दुसऱ्याकडे वळते. येथपर्यंत ठीक. पण पहिला मुका आहे हे ते लक्षात ठेवीत नाही. पुढच्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापाशीच जाते आणि पुन्हा पाच सेकंद तिष्ठत उभे राहते. यंत्र भाड्याने देणाऱ्यांनी जे दोन रिझॉल्व्हर आम्हांस नेमून दिले होते त्यांपैकी पहिला मूकव्रत धरून बसला होता. दुसरा शाबूत होता म्हणून काम बंद पडले नाही, आणि काम बंद पडले नाही म्हणून आठवडाभर कोणाच्या ध्यानात आले नाही.

मी तत्काळ उपाय केला. जगभर नावाजलेली एक सार्वजनिक, विनामूल्य रिझॉल्व्हर सेवा होती. तिचे दोन्ही क्रमांक त्या फाइलीत लिहून टाकले. पाने झटकन उघडू लागली. पुतण्याने पाठ थोपटली, मीही आतल्या आत थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून चालू केले तो फाइलीत जुने क्रमांक हजर! ही फाइल हल्ली अनेक यंत्रांवर दुसराच एखादा कार्यक्रम लिहीत असतो. आपण हाताने लिहिलेले तो पुसून टाकतो. तेव्हा तेथे वरवर खाडाखोड न करता त्या कार्यक्रमाच्या मूळ व्यवस्थेतच बदल करावा लागतो. तोही मी केला आणि निर्धास्त झालो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात एक आजीबाई नातीला घेऊन आल्या. मंडळ दर वर्षी गरजू विद्यार्थ्यांना एक छोटी शिष्यवृत्ती देते. तिच्या अर्जांची मुदत दोन दिवसांनी संपणार होती. आजी खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "भाऊ, पोरीचा अर्ज नाकारलात ते नाकारलात, पण कारण तरी सांगा. गुण कमी आहेत का तिचे?"

मला काही उमजेना. अर्ज अद्याप उघडलेच नव्हते, नाकारणार कोठून? मुलीने आपला फोन पुढे केला. तिने पाठविलेले पत्र परत आले होते आणि त्यावर इंग्रजीत लिहिले होते की पाठविणाऱ्याचे नाव काळ्या यादीत असल्यामुळे हे पत्र स्वीकारले जात नाही. दहावीच्या मुलीने त्याचा जो अर्थ लावावा तोच तिने लावला होता. तिने दोनदा पाठविले होते, दोनदा परत आले होते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नव्हती, असे आजी म्हणाल्या.

त्या रात्री मी आणि पुतण्या नोंदी चाळीत बसलो. चार दिवसांत मंडळाकडे आलेले एकूण एक पत्र आमच्या यंत्राने दारातूनच परत लावले होते.

कारण समजावून घेण्याजोगे आहे. बिनकामाच्या जाहिरातींची पत्रे अडविण्यासाठी ई-मेल सर्व्हर काही संस्थांच्या याद्यांचा आधार घेतात. पत्र आणणाऱ्या यंत्राचा क्रमांक त्या यादीत आहे काय, हे विचारण्याची रीतही डीएनएसचीच. क्रमांक उलटा लिहून त्याला यादीचे नाव जोडावयाचे आणि नेहमीसारखा पत्ता विचारावयाचा. यादीत नसेल तर "असे नाव नाही" हे उत्तर येते. असेल तर १२७ ने सुरू होणारा एक सांकेतिक क्रमांक. आता ह्या याद्या राखणाऱ्यांना आपल्याला कोण किती विचारतो हे पाहावयाचे असते, कारण लहान वापर विनामूल्य आणि मोठा वापर पैसे घेऊन, असा त्यांचा व्यवहार. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून प्रश्न आला म्हणजे मूळ विचारणारा कोण, हे त्यांना दिसत नाही. म्हणून स्पॅमहाउससारखी ह्या क्षेत्रातली जुनी संस्था अशा प्रश्नाला १२७.२५५.२५५.२५४ हे वेगळे उत्तर देते. त्याचा अर्थ, "तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारता आहात, म्हणून उत्तर देता येत नाही." हे त्यांनी उघडपणे लिहून ठेवले आहे. आमच्या ई-मेल सर्व्हरला मात्र मी सांगून ठेवले होते की १२७ ने सुरू होणारे काहीही उत्तर आले की पत्र नाकारावे. त्याने आज्ञा पाळली. दोष यादीवाल्यांचा नव्हता, त्या सार्वजनिक सेवेचाही नव्हता. फाइलीत दोन ओळी बदलताना त्या ओळींवर यंत्रातील आणखी कोण कोण अवलंबून आहे हे न पाहणाऱ्याचा होता.

आणि दुसरा रिझॉल्व्हर मदतीला का धावला नाही? कारण दुसऱ्याची नेमणूक मौनासाठी आहे. पहिला बोललाच नाही, किंवा "मला जमत नाही" म्हणाला, तर दुसऱ्याला विचारले जाते. पहिल्याने शांतपणे चुकीचे वा गैरलागू उत्तर दिले तर यंत्र ते शिरसावंद्य मानते. पडताळा घेण्यासाठी ते दुसऱ्याकडे जात नाही. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, म्हणून येथे आवर्जून लिहीत आहे.

तर मग निवड कशी करावी? मी पुढे जे वाचले, करून पाहिले, त्यावरून माझे मत बनले ते सांगतो.

यंत्र भाड्याने देणाऱ्यांचा स्वतःचा रिझॉल्व्हर जवळ असतो, त्यामुळे चपळ असतो, आणि त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की त्याच्या प्रकृतीची वार्ता भाडेकरूला कोणी कळवीत नाही, आणि त्याच रिझॉल्व्हरमधून शेजारची शेकडो बिऱ्हाडे विचारीत असल्यामुळे वरील याद्यांच्या दृष्टीने तोही कधी कधी गर्दीचा ठरतो.

सार्वजनिक सेवांपैकी तीन नावे वाचकांच्या कानांवर असतील. गूगलची सेवा २००९ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिचा क्रमांक ८.८.८.८. क्वाड नाइन २०१७ मध्ये आली, ९.९.९.९ ह्या क्रमांकावर; ही ना-नफा तत्त्वावरची संस्था असून २०२१ पासून तिचे ठाणे स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि घातक म्हणून ज्ञात असलेली नावे ती सांगतच नाही. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही सेवा २०१८ च्या १ एप्रिलला सुरू झाली. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली होती. (येथे क्रमांक देवनागरीत छापले आहेत, यंत्रावर अर्थातच इंग्रजी अंक टंकावेत.) तिन्ही सेवा चांगल्या आहेत. तिन्ही कधी ना कधी पडू शकतात, हेही तितकेच खरे.

उदाहरणार्थ, २०२३ च्या ऑक्टोबरात, ४ तारखेला, १.१.१.१ काही तास अनेक नावांना "जमत नाही" असे उत्तर देत होती. रूट सर्व्हरांच्या यादीत २१ सप्टेंबरला एक नव्या प्रकारची नोंद आली होती. क्लाउडफ्लेअरच्या कार्यक्रमाला ती वाचता येईना, म्हणून तो जुनीच यादी वापरीत राहिला, आणि तिच्यावरील सह्यांची मुदत संपताच गडबड उडाली. पुढे २०२५ च्या १४ जुलैला तर संपूर्ण सेवाच ६२ मिनिटे नाहीशी झाली. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट, सव्वातीन ते साडेचारच्या दरम्यानची वेळ होती. त्या वेळी १.१.१.१ च्या जोडीला दिला जाणारा १.०.०.१ हा क्रमांकही गेला, कारण दोन्हींची वाट एकाच चुकीच्या बदलाने बंद झाली. ज्यांनी दोन क्रमांक लिहिले म्हणून स्वतःला सुरक्षित मानले होते त्यांचे दोन्ही पाय एकाच खड्ड्यात गेले. तेव्हा दोन रिझॉल्व्हर निवडावयाचे तर ते दोन वेगळ्या धन्यांचे असावेत. एकाच दुकानाची पुढची आणि मागची दारे ही दोन दुकाने नव्हेत.

विनामूल्य सेवेशी आपला काही करार नसतो, हेही विसरू नये. न्यायालयाच्या आदेशांमुळे ओपनडीएनएस ह्या जुन्या सेवेने २०२४ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ग्राहकांना आपले दार बंद केले. तेथील एखाद्या छोट्या सर्व्हरची काय तारांबळ उडाली असेल, त्याची कल्पना मला माझ्या अनुभवावरून करता येते. शिवाय आपला सर्व्हर कोणाकोणाची नावे विचारतो हे रिझॉल्व्हरला कळते. ई-मेलच्या यंत्राच्या बाबतीत त्याचा अर्थ, आपला पत्रव्यवहार कोणत्या संस्थांशी आहे हे कळते. त्याबाबत ह्या सेवांनी आपापली धोरणे जाहीर केली आहेत. ती वाचण्याचा कंटाळा करू नये.

ज्या यंत्रावर ई-मेल आहे तेथे माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे रिझॉल्व्हर घरचाच ठेवणे. अनबाउंड नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे. हॉलंडमधील एनएलनेट लॅब्ज ह्या संस्थेचा तो असून २००८ पासून प्रचारात आहे. तो आपल्याच व्हीपीएसवर बसवावा. लहानशा यंत्रालाही त्याचे ओझे होत नाही. रूट सर्व्हरपासून पायपीट तो स्वतः करतो, त्यामुळे यादीवाल्यांना प्रश्न आपल्याच क्रमांकावरून गेलेला दिसतो. प्रथम विचारलेल्या नावाला किंचित वेळ लागतो, पुढे ते टिपलेले असल्यामुळे उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळते. शिवाय उत्तरांवरील डिजिटल सह्या, म्हणजे डीएनएससेक, तो स्वतः तपासू शकतो. रूट यादीवर अशी सही २०१० च्या जुलैपासून आहे. ह्या सह्यांचे महत्त्व डॅन कॅमिन्स्की ह्यांनी २००८ मध्ये जगाला पटवून दिले. रिझॉल्व्हरच्या वहीत कोणीही परभारे खोटा पत्ता किती सहजपणे लिहवून घेऊ शकतो, हे त्यांनी दाखविले, आणि मग सगळ्या मोठ्या कंपन्यांना एकाच दिवशी दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. मात्र सह्यांना मुदत असते, म्हणून यंत्राचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. घड्याळ मागेपुढे झाले तर खरी सहीसुद्धा खोटी ठरते आणि माणूस भलतीकडेच दोष शोधीत बसतो.

घरच्या रिझॉल्व्हरबाबत एक पथ्य कडकडीत पाळावे. त्याने आपल्याच यंत्राला उत्तरे द्यावीत, बाहेरच्या कोणालाही नाही. अनबाउंड मुळात तसाच असतो. उत्साहाच्या भरात कोणी दार सताड उघडते. अशा उघड्या रिझॉल्व्हरला दुसऱ्याच्या नावाने छोटासा प्रश्न विचारला की तो त्या दुसऱ्याच्या अंगावर भलेमोठे उत्तर फेकतो. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमहाउसवरच असा हल्ला झाला. जगभरच्या निष्काळजी उघड्या रिझॉल्व्हरांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिट असल्याचे सांगण्यात आले. आपल्या मंडळाचे यंत्र अशा कामी यावे, हे कोणाला आवडेल?

केवळ संकेतस्थळ असेल, ई-मेल नसेल, तर एवढा खटाटोप नको. दोन वेगळ्या धन्यांचे सार्वजनिक क्रमांक पुरेत. त्या फाइलीत वाट पाहण्याची मर्यादा पाचाऐवजी दोन सेकंद करावी म्हणजे पहिला रुसला तरी पाहुण्यांना जाणवणार नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी परीक्षा घ्यावी, आणि ती सर्व्हरवर बसून घ्यावी. घरच्या संगणकावर मोजलेला वेग येथे निरुपयोगी. यंत्र मुंबईत आहे आणि प्रश्न तेथून निघणार आहे. डिग नावाची आज्ञा प्रत्येक उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. नेहमीची पंधरा-वीस नावे सकाळी एकदा, रात्री एकदा विचारून पाहावीत. सरासरीपेक्षा सर्वांत वाईट उत्तराकडे लक्ष द्यावे. माझ्या मते ह्या कामात चपळाईपेक्षा नेम मोलाचा. मग अस्तित्वातच नसलेले एखादे नाव विचारावे. प्रामाणिक रिझॉल्व्हर "असे नाव नाही" म्हणेल. ही साधी अपेक्षा वाटते, पण २००३ च्या सप्टेंबरात डॉट कॉमचा कारभार पाहणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीनेच प्रत्येक नसलेल्या नावाला आपल्या पानाचा पत्ता देण्यास आरंभ केला होता, आणि गहजब झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो प्रकार बंद करावा लागला होता. सह्यांची परीक्षा पाहण्यासाठी डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग हे मुद्दाम बिघडवून ठेवलेले नाव आहे. सही तपासणारा रिझॉल्व्हर त्याचा पत्ता देत नाही. दिला तर तो तपासत नाही असे समजावे. ई-मेल असल्यास शेवटी यादीची चाचणी. २.०.०.१२७ ह्यापुढे स्पॅमहाउसच्या झेन यादीचे नाव जोडून विचारावे. १२७.०.०.२ सारखी उत्तरे आली तर ठीक; १२७.२५५.२५५.२५४ आले तर आपण माझ्याच वाटेने निघालो आहोत.

एवढे करूनही रिझॉल्व्हरच्या हाती नसलेली गोष्ट राहतेच. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला, आपल्याकडे रात्री नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक व व्हॉट्सॲप जवळजवळ सहा तास बंद पडले होते, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा त्या कंपनीचे स्वतःचे पत्ते सांगणारे सर्व्हरच इंटरनेटवरून दिसेनासे झाले होते. जगातला उत्तमातला उत्तम रिझॉल्व्हरही त्या रात्री हात हलवीत परत येत होता.

आमच्या मंडळाने मुदत आठ दिवस वाढविली. ज्यांची पत्रे परत गेली होती त्या सर्वांचे पत्ते नोंदींतून काढून पुतण्याने प्रत्येकाला क्षमापत्र लिहिले. अशी सत्तावन्न पत्रे निघाली. त्यांपैकी अकरा अर्ज शिष्यवृत्तीचे होते. नऊ जणांनी पुन्हा पाठविले. दोघांचा पुन्हा पत्ता लागला नाही, आणि ते माझ्या मनाला अजून लागून आहे. आजीबाईंच्या नातीला शिष्यवृत्ती मिळाली. तो निर्णय गुणांवर झाला, माझ्या अपराधी भावनेवर नव्हे, हे नमूद केले पाहिजे. त्या बैठकीतून मी उठून बाहेर बसलो होतो.

आता आमच्या यंत्रावर अनबाउंड आहे. ई-मेल सर्व्हरला कोणत्या सांकेतिक क्रमांकांवर पत्र नाकारावयाचे ते नेमके लिहून दिले आहे. अन्य कोणतेही १२७ आले तर पत्र आत घ्यावे, अशी ताकीद आहे. घरच्या रिझॉल्व्हरच्या मागे दुसऱ्या ओळीत एखादा सार्वजनिक क्रमांक असावा की नसावा, ह्यावर काका-पुतण्यांत मतभेद झाला. असावा, असे त्याचे म्हणणे. घरचा पडलाच तर निदान संकेतस्थळ तरी चालेल. मी दोन दिवस अडून बसलो आणि मग मान्य केले, कारण सांकेतिक क्रमांक आता नेमके असल्यामुळे जुना घोटाळा होण्याची भीती उरली नव्हती. रोज पहाटे पाच वाजता एक छोटा कार्यक्रम पहिल्या ओळीला काही नावे विचारतो, आणि उत्तर न आल्यास किंवा उशिरा आल्यास माझ्या फोनवर संदेश धाडतो. तो फोनवर धाडतो, ई-मेलने नव्हे. ती सूचना पुतण्याची.